आधी विमान, मग वर्दी

एक की दोन?

दिंडोरीच्या अलीकडे माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. छाटणीचे दिवस होते. मांडवाखाली बायका छाटलेल्या काड्या गोळा करत होत्या आणि मी ओट्यावर मावशीसोबत शेंगा फोडत बसले होते. अकराच्या सुमाराला आभाळातून धाड्‌ असा आवाज आला. फळीवरची स्टीलची भांडी थरथरली, गोठ्याचा पत्रा झणझणला, कुत्रं आधी बाजेखाली शिरलं आणि मग भुंकलं. बायकांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली वाकल्या. वर काहीच नव्हतं. स्वच्छ, रिकामं, निळं आभाळ.

"विमान," भाऊ म्हणाला आणि कात्रीला धार लावत राहिला.

"दोन आवाज होते," मावशी म्हणाली.

"एकच होता, आई."

"दोन. पहिल्याच्या पाठीला दुसरा चिकटून आला."

हा वाद त्यांच्या घरात जुना आहे. ओझर इथून फार लांब नाही. लढाऊ विमानं तिथे बनतात, तिथूनच चाचणीला उडतात. पूर्वी असा आवाज झाला की गावात भूकंपाची किंवा कुठेतरी स्फोट झाल्याची आवई उठायची. आता तिसरीतली पोरंही 'सुपरसॉनिक' म्हणतात. पण आवाज एक की दोन, याचा निकाल त्या घरात अजून लागलेला नाही.

यंदाच्या अंकाचा विषय 'आवाज' आहे, असं संपादकांनी कळवलं होतं आणि मी नाशिक ढोलावर लिहायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्या सकाळी ढोल मागे पडला. एवढ्या मोठ्या आवाजाचा धनी दिसत का नाही? आणि मावशी बरोबर की भाऊ? हे दोन प्रश्न घेऊन मी निघाले.

हवेला कोण सांगतं

लग्नाच्या मिरवणुकीत पुढे बँड वाजतो आणि मागून वरात येते. बँड ऐकून लोक रस्त्याच्या कडेला होतात. हवेतून जाणाऱ्या कुठल्याही वस्तूचं असंच असतं. वस्तू पुढची हवा किंचित दाबते, तो दाब कणाकडून कणाकडे जात पुढे वर्दी देतो, आणि वस्तू पोचेपर्यंत हवेने वाट करून दिलेली असते. ही वर्दी पोचवणारा जासूद म्हणजे ध्वनी. आपण ज्याला आवाज म्हणतो तो हवेतला दाबाचा निरोप असतो आणि त्याला त्याची स्वतःची चाल असते. समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सियसला, ताशी साधारण १,२२५ किलोमीटर. हवा थंड होते तशी ही चाल मंदावते. अकरा किलोमीटर उंचीवर, जिथे तापमान शून्याखाली ५६ अंशांच्या आसपास असतं, तिथे ती १,०६२ किलोमीटरवर येते.

आता वरातच बँडच्या पुढे धावली तर? लोकांना कळणारच नाही. ते जागच्या जागी उभे असतील आणि वरात त्यांच्यावर आदळेल. ध्वनीपेक्षा वेगात जाणाऱ्या विमानापुढच्या हवेचं हेच होतं. तिला वर्दी मिळत नाही, म्हणून बाजूला व्हायला वेळही मिळत नाही. दाब, तापमान, घनता सगळं एका क्षणात बदलतं. हा बदल जिथे होतो तो पडदा म्हणजे शॉक वेव्ह, मराठीत आघाततरंग. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. माक २ म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगात असा पडदा सरळ आडवा उभा राहिला, तर त्याच्या अलीकडे आणि पलीकडे दाबात साडेचार पटींचा फरक पडतो.

हे ऐकायला विमान लागत नाही. आठवडी बाजारात एक पोतराज भेटला. त्याचा आसूड मनगटाएवढ्या जाड बुंध्यापासून निमुळता होत शेवटी सुतळीएवढा झाला होता. मी विचारलं, एवढा आवाज कसा काढता? तो हसला. "मारून नाही येत, ताई. फेकायचा आणि परत ओढायचा. वेढा शेवटापर्यंत पळाला पाहिजे." भौतिकशास्त्रज्ञांनी वेगवान छायाचित्रं काढून आणि गणितं मांडून हेच सांगितलं आहे. आसुडात पडलेला वेढा टोकाकडे धावतो, पुढे दोर बारीक होत जातो, तेवढाच जोर कमी वजनाला मिळतो आणि टोकाकडे वेग ध्वनीच्या पुढे जातो. पाठीवर बसण्याआधी जो फट्‌ आवाज येतो, तो छोटासा आघाततरंगच असतो. विमानांच्या किती तरी शतकं आधी माणसाच्या हाताने ध्वनीचा वेग ओलांडला होता, तो असा.

उडत्या वस्तूपुढचा हा तरंग छायाचित्रात टिपला गेला १८८० च्या दशकात. प्रागमधल्या अर्न्स्ट माख यांच्या सांगण्यावरून पीटर साल्खर यांनी उडत्या बंदुकीच्या गोळीची छायाचित्रं घेतली. दाबलेली हवा प्रकाश किंचित वाकवते, या गुणाचा त्यांनी उपयोग केला. गोळीच्या पुढे धनुष्यासारखी वाकलेली काळी रेघ, मागे दुसरी रेघ आणि शेपटीला भोवरे, असं ते चित्र होतं. वेगाच्या मापाला माख यांचं नाव मिळालं ते पुढे १९२९ मध्ये, आणि इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे ते माक होऊन आलं.

पंखावरची रेघ

ओझरहून बंगळूरला प्रवासी विमान जातं. धावपट्टी तीच, जिथून लढाऊ विमानं उडतात. मी मुद्दाम दुपारचं तिकीट आणि पंखावरची खिडकी घेतली. विमान उंचीवर स्थिरावलं, ऊन माथ्यावरून पडत होतं, आणि बऱ्याच वेळाने ती दिसली. पंखाच्या पाठीवर, लांबीच्या दिशेने गेलेली केसाएवढी सावली. ती स्थिर नव्हती. बोटभर पुढे, बोटभर मागे थरथरत होती. शेजारच्या गृहस्थांना दाखवली, तर त्यांनी काच पुसून पाहिली.

ती काचेवर नव्हती. तो आघाततरंग होता. आमचं विमान ध्वनीच्या साधारण ७८ टक्के वेगाने चाललं होतं. पण पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा आणखी वेग घेते आणि तेवढ्या टापूत ती ध्वनीच्या पुढे जाते. पुढे तिला पुन्हा सावकाश व्हावं लागतं, आणि ती सावकाश होते ती पायरी उतरल्यासारखी, एकदम. ती पायरी म्हणजे ही रेघ. म्हणजे ध्वनीचा वेग न ओलांडताही विमानाच्या अंगावर आघाततरंग बसू शकतो.

या रेघेनेच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांचे जीव घेतले. लॉकहीडच्या पी-३८ सारखी विमानं उंचावरून सूर मारताना या वेगाला पोचायची. पंखावरचा तरंग बळावला की त्याच्यामागे हवा पंखाला चिकटून राहत नाही, सुटते आणि फडफडत शेपटीवर आदळते. उचलीचं केंद्र मागे सरकतं, नाक आणखी खाली जातं, आणि वैमानिक दांडा छातीशी ओढतो तरी विमान ऐकत नाही. २७ सप्टेंबर १९४६ रोजी वैमानिक जेफ्री द हॅविलंड यांचं डीएच १०८ विमान टेम्स नदीच्या मुखावर हवेतच फुटलं. 'ध्वनीची भिंत' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो याच वर्षांत.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९४७ रोजी, कॅलिफोर्नियातल्या वाळवंटावर चक येगर यांनी बेल एक्स-१ हे रॉकेट-विमान १.०६ माकला नेलं. विमानाचा आकार बंदुकीच्या गोळीवरून घेतलेला होता, कारण गोळी या वेगात सरळ जाते एवढं माहीत होतं. पण कळीची गोष्ट शेपटीत होती. आधीच्या उड्डाणांत ०.९४ माकच्या आसपास शेपटीच्या हलत्या पट्टीचा काही उपयोग होईना. आघाततरंग नेमका तिच्या बिजागरीवर येऊन बसत होता. तेव्हा अभियंता जॅक रिडली यांनी पट्टी हलवण्याऐवजी आख्खी आडवी शेपटीच थोडी थोडी हलवायची सूचना केली. पुढची स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, लढाऊ विमानं पाहा, बहुतेकांची आडवी शेपटी अशी सबंध हलते.

कमरेचं गणित

बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं विमानसंग्रहालय आहे. सहलीला आलेली शाळकरी मुलं विमानांच्या पोटाखालून पळत होती. मी एचएफ-२४ मारुतसमोर थांबले. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या हाताखाली हे विमान बंगळूरला घडलं आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. बाजूने पाहिलं तर सडपातळ विमान. पण मागच्या कोपऱ्यातून पाहिल्यावर लक्षात येतं की जिथे पंख सुरू होतात तिथे त्याचं अंग आत गेलेलं आहे. विमानाला कंबर आहे.

ही कंबर अमेरिकेतल्या एका फजितीची आठवण आहे. कॉनव्हेअर कंपनीचं वायएफ-१०२ ध्वनीच्या पुढे जाईल असं मानून बनवलं होतं. १९५३ मध्ये ते उडालं आणि सरळ उड्डाणात माक १ काही पार होईना. लँगली प्रयोगशाळेतल्या रिचर्ड व्हिटकम यांनी त्याआधीच याचं कारण शोधलं होतं. ध्वनीच्या वेगाजवळ हवा विमानाचं नाक, पंख, शेपटी असे वेगळे भाग पाहत नाही. पाव कापावा तशा विमानाच्या आडव्या चकत्या कल्पा आणि प्रत्येक चकतीचं एकूण क्षेत्रफळ मोजा. ते सावकाश वाढलं आणि सावकाश कमी झालं, तर तरंग सौम्य राहतो. पंख आला की चकती एकदम मोठी होते आणि तिथे हवेला धक्का बसतो. मग पंख जेवढी जागा घेतो तेवढी धडातून काढून घ्या. कॉनव्हेअरने धड लांबवलं, कंबर आवळली, आणि १९५४ च्या डिसेंबरात सुधारलेलं विमान ध्वनीच्या पुढे गेलं.

मारुतची कंबर जन्मापासूनच नीट होती. पण त्याला जे जास्त ताकदीचं ब्रिटिश इंजिन मिळणार होतं ते मिळालंच नाही, आणि दोन छोट्या ऑर्फियस इंजिनांवर ते सपाट उड्डाणात ध्वनीचा उंबरठा ओलांडू शकलं नाही. १९७१ च्या युद्धात लोंगेवालाच्या परिसरात ते जमिनीलगत उत्तम लढलं. आकाराने निम्मं काम केलं, उरलेलं निम्मं ताकदीचं होतं.

याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन यांनी देशातले पहिले स्वनातीत वातबोगदे उभे केले. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतला १.२ मीटरचा मोठा बोगदा १९६७ पासून चालू आहे. त्याचं तंत्र सायकलच्या पंपाला जवळचं आहे. हवा तासन्‌तास दाबून टाक्यांत भरायची आणि मोजक्या सेकंदांत सोडून द्यायची. तेवढ्या वेळात छोट्या प्रतिकृतीवर तरंग कुठे बसतात ते टिपून घ्यायचं. अग्निबाणांच्या आणि तेजसच्या प्रतिकृती याच बोगद्यातून गेल्या आहेत.

मिगचं नाक

मारुतपासून थोड्या अंतरावर मिग-२१ उभं आहे. त्याला नाकाच्या जागी गोल तोंड आहे आणि त्या तोंडात एक टोकदार शंकू. मुलांना वाटतं ते क्षेपणास्त्र आहे. मी फोटो काढला आणि परत आल्यावर ओझरला एका काकांना दाखवला. ते कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. १९६४ मध्ये इथे मिगसाठी कारखाना आला आणि गावाच्या नावालाच विमान चिकटलं. आजही लोक 'ओझर मिग'ला उतरायचंय म्हणतात. हवाई दलातलं शेवटचं मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. गाव मात्र तेच नाव लावून आहे.

"हा कोन," काका फोटोवर बोट ठेवत म्हणाले. "सगळ्यांना वाटतं रडारची टोपी. रडार आत आहेच. पण कोनाचं काम वेगळं."

जेट इंजिनाला स्वनातीत हवा चालत नाही. त्याची फिरती पाती आतल्या बाजूला ध्वनीपेक्षा बऱ्याच कमी वेगाची हवा मागतात. म्हणजे विमान माक २ ला असताना, बाहेरून ताशी दोन हजार किलोमीटरच्या वेगाने येणारी हवा थोड्याच अंतरात सावकाश करायची. नुसतं तोंड उघडं ठेवलं तर समोर एक सरळ आडवा आघाततरंग उभा राहतो. हवा सावकाश होते खरी, पण त्या धक्क्यात तिच्या एकूण दाबातला पाव हिश्श्याहून जास्त भाग वाया जातो. इंजिनाचा घास आधीच उष्टा होतो.

"कुंभमेळ्यात रामकुंडावर गर्दी कशी सोडतात?" काकांनी विचारलं. "एकच फाटक लावलं तर चेंगराचेंगरी. म्हणून लांबूनच कठडे. इथे थोडं थांबा, तिथे थोडं वळा, मग पायऱ्या. कोन म्हणजे पहिला कठडा."

शंकूच्या टोकावरून तिरका तरंग निघतो. तिरका तरंग सौम्य असतो, हवा थोडी सावकाश होते, थोडी वळते. मग तोंडाशी दुसरा, आता कमी जोराचा तरंग तिला ध्वनीच्या खाली आणतो. एका मोठ्या धक्क्याऐवजी दोन छोटे, आणि वाया जाणारा दाब कितीतरी कमी. वेग वाढला की तिरक्या तरंगाचा कोन बदलतो, म्हणून मिगचा शंकू वेगाबरोबर पुढे सरकतो. पहिला तरंग तोंडाच्या कडेवर नेमका बसला पाहिजे. काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानात हेच काम वरून खाली येणाऱ्या फळ्या करायच्या. तिथे माक २ ची हवा साधारण साडेतीन मीटरांत माक ०.५ पर्यंत उतरायची.

मारुतची कंबर आणि मिगचा शंकू या दोन्हींत एकच युक्ती आहे, हे मला काकांच्या ओट्यावर कळलं. वेग एवढा झाला की धक्का टळत नाही. तो कुणीच टाळलेला नाही. तो फक्त वाटून घ्यायचा असतो.

आवाजाची सतरंजी

मग जमिनीवरच्या धक्क्याचं काय? आपल्याकडे पक्का समज आहे की विमान ध्वनीचा वेग ओलांडतं त्या क्षणी एकदा धमाका होतो. तसं असतं तर तो एखाद्याच गावाला ऐकू आला असता. गंगापूर धरणात होडी गेली की तिच्यामागे पाण्याची पाचर पसरत जाते. काठावर दहा माणसं ओळीने उभी असली तर प्रत्येकाच्या पायाला लाट एकदाच लागते, पण वेगवेगळ्या वेळी. विमानामागे असाच शंकू ओढला जातो, आणि विमान स्वनातीत आहे तोवर तो गावामागून गाव झाडत जातो. बारा किलोमीटर उंचीवरून गेलेल्या विमानाची ही सतरंजी जमिनीवर साठेक किलोमीटर रुंद असते. ते १.४ माकने जात असेल, तर माथ्यावरून गेल्यावर अर्ध्या मिनिटाने आवाज खाली पोचतो, आणि तोपर्यंत विमान दहा-बारा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून मावशीच्या अंगणावरचं आभाळ रिकामं होतं. आम्ही वर पाहत होतो, धनी पुढच्या तालुक्यात होता.

२० मे २०२० रोजी टाळेबंदीच्या शांततेत आख्खं बंगळूर अशाच आवाजाने दचकलं. काही तासांनी संरक्षण खात्याने खुलासा केला की हवाई दलाच्या चाचणी-उड्डाणातला तो आवाज होता, विमान ३६ ते ४० हजार फुटांवर स्वनातीत वेगातून खाली येत होतं, आणि असा आवाज ६५ ते ८० किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतो.

रोजच असं व्हायला लागलं तर माणसं काय करतील? अमेरिकेने हे करून पाहिलं. १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवरून सहा महिने, दिवसाला आठपर्यंत, मुद्दाम स्वनातीत विमानं नेली. एकूण १,२५३ धमाके. काचा फुटल्या, तक्रारींचा ढीग पडला, आणि शेवटी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी सांगितलं की आम्ही याची सवय करून घेऊ शकत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेने जमिनीवरून प्रवासी विमानांना स्वनातीत उडायला बंदी घातली. काँकॉर्डला वेग मिळाला तो मुख्यतः समुद्रावर. एअर इंडियानेही एके काळी दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, ती खरेदी झाली नाही. २००३ मध्ये काँकॉर्ड थांबलं. इतर कारणं होतीच, पण ज्या विमानाला जमिनीवर आपला वेग वापरता येत नाही त्याचे मार्ग मोजकेच राहतात.

आता पुन्हा वाटणीची युक्ती आली आहे. विमानाच्या नाकातून, काचेतून, पंखांतून, शेपटीतून वेगवेगळे तरंग निघतात. जास्त जोराचा तरंग जास्त वेगाने जातो, म्हणून खाली येता येता मागचे पुढच्यांना गाठतात आणि सगळे मिळून दोनच मोठे उरतात, एक पुढचा, एक शेपटीचा. नासाच्या एक्स-५९ मध्ये हे गाठणं होऊच द्यायचं नाही असा बेत आहे. तीस मीटर लांब विमान, पंखांचा पसारा जेमतेम नऊ मीटर, इंजिन पाठीवर, आणि नाक इतकं लांब की वैमानिकाला समोर खिडकीच नाही. तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहतो. सगळे तरंग सारख्या जोराचे आणि सुटे सुटे राहिले, तर जमिनीवर धाड्‌ऐवजी रस्त्यापलीकडे कुणी गाडीचं दार लावल्यासारखा आवाज यावा, अशी अपेक्षा आहे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ते पहिल्यांदा उडालं, ते अर्थात ध्वनीपेक्षा कमी वेगात.

दुसरी युक्ती हवेच्या भरवशाची आहे. खालची हवा उबदार, तिच्यात ध्वनी वेगाने जातो, म्हणून वरून येणारा तरंग वाकत वाकत परत वर वळतो. वेग माक १ च्या थोडाच पुढे ठेवला तर तो जमिनीला टेकतच नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियात बूम कंपनीचं एक्सबी-१ हे छोटं विमान १.१२ माकला गेलं आणि खाली धमाका ऐकू आला नाही. जूनमध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी बावन्न वर्षांची बंदी उठवण्याचा आदेश काढला.

पुन्हा ओट्यावर

दिंडोरीला परत गेले तेव्हा बागेत कोवळे फुटवे आले होते. मी मावशीला सांगितलं, "तू बरोबर होतीस. पुढचा एक, शेपटीचा एक. दोनच असतात."

"मग मी काय सांगतेय?"

"पण दादाही अगदी चूक नाही," मी म्हटलं. "विमान लांब असेल तर दोघांत अंतर पडतं, काँकॉर्डचे दोन्ही स्पष्ट ऐकू यायचे. लढाऊ विमान आखूड. दोघांत सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून थोडा जास्त. कुणाला एकच वाटतो."

भाऊ मांडवाची तार ओढून घेत होता. "कुणाला म्हणजे मला," तो म्हणाला. "ट्रॅक्टरवर बसून बसून कान गेलेत माझे."

चार दिवस राहिले. एकदाही आवाज आला नाही. पाचव्या दिवशी निघायच्या वेळी, मी चपला घालत असताना, भांडी थरथरली. या वेळी मी वर पाहिलं नाही. कान दिला. भाऊही तार सोडून उभा राहिला होता. त्याने आईकडे पाहिलं आणि काही न बोलता दोन बोटं वर केली.